पू झालेलं पित्ताशय आणि दुर्बिणीचं ऑपरेशन : ४ स्टार

दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणजे आज केलं की उद्या घरी, असं ऐकून होतो, पण ते नुसत्या खड्यांसाठी हो. माझ्या पित्ताशयात पू झाला होता, ताप, थंडी, उजव्या बरगडीखाली कुणाला हात लावू देत नव्हतो आणि सोनोग्राफीत पिशवीची भिंत चांगलीच जाड दिसत होती. आधीच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं अँटिबायोटिक घ्या, सहा आठवड्यांनी बघू. दुसरे म्हणाले भूल झेपणार असेल तर थांबायचं कशाला, पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेलं बरं, नंतर सगळं चिकटत जातं. मी दुसऱ्यांचं ऐकलं.

सर्जनने कागदावर चित्र काढून समजावलं, हे मला सगळ्यात आवडलं. चार छोटी छिद्रं, पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवून पित्ताशयाची पिशवी काढणार, इथवर ठीक. पण सूज इतकी असली की पिशवीची नळी कुठली आणि लिव्हरकडून येणारी मुख्य पित्तनलिका कुठली हेच कळेनासं होतं, आणि चुकून मुख्य नळी कापली गेली तर मग आयुष्यभराची कटकट. त्यामुळे नीट दिसलं नाही तर पिशवीचा मानेकडचा, म्हणजे नळीला जोडलेला निमुळता भाग आतच ठेवू, तेही जमलं नाही तर पोट उघडू, असं आधीच सांगितलं. सही करताना घाम फुटला खरं सांगतो.

झालं तसंच. पोट उघडावं लागलं नाही, पण पिशवी अर्धवटच निघाली. आधी वाटलं काम अर्धं सोडलं की काय, मग कळलं की हट्टाने ओढत बसण्यापेक्षा हेच शहाणपणाचं. उरलेल्या तुकड्यात पुढे कधी खडे होऊ शकतात, तेही लपवलं नाही. आतलं पाणी बाहेर यायला पोटात ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतून पाच दिवस थोडं थोडं पित्त येत होतं, मग आपोआप थांबलं. सातव्या दिवशी घरी.

एक स्टार कापला तो खांद्यासाठी. ऑपरेशननंतर उजवा खांदा असा दुखायला लागला की मला वाटलं हार्टचं काहीतरी झालं, रात्री अडीचला बेल वाजवून सगळ्यांना जागं केलं, तर नर्स शांतपणे म्हणते, अहो तो पोटातल्या गॅसमुळे, सगळ्यांनाच होतं. सगळ्यांना होतं तर आधी सांगा ना!