होम नर्सिंगसाठी घेतलेला पांढरा शार्प्स डबा, ४ स्टार

मी होम केअर नर्स आहे, व्हिजिट जास्त करून कोथरूड, वारजे, कर्वेनगर साईडला. सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानातून हा सुया टाकायचा छोटा पांढरा डबा घेतला. ब्रँड सांगत नाही, असे डबे सगळीकडे मिळतात आणि थोड्याफार फरकाने सारखेच असतात.

प्लास्टिक खरंच जाड आहे, सुई आरपार जात नाही, आणि आतलं दिसतं त्यामुळे पाऊण भरला की कळतं, त्याच्या वर भरायचा नसतोच. झाकण एकदा पूर्ण लॉक केलं की परत उघडत नाही, हेही बरंय, कारण घरात नातवंडं असतात हो. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बॅगेत मावतो. डबा पेशंटच्या पलंगाशी हाताला लागेल असा पाहिजे, किचनच्या ओट्यावर ठेवलेला काय कामाचा, तिथवर उघडी सुई हातात धरून कोण चालणार, मग माणूस टोपण परत लावायला जातो आणि नेमकं तेव्हाच बोटात घुसते.

इन्सुलिनच्या पेनची सुई (पेन नीडल) वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. झाकणावर खाच आहे, त्यात पेन अडकवून फिरवलं की सुई आपोआप आत पडते. बऱ्याच घरी माहीतच नसतं की पेनच्या सुईला मागच्या बाजूलाही टोक असतं, जे पेनमधल्या औषधाच्या नळकांडीत (कार्ट्रिजमध्ये) जातं. बोटांनी काढायला गेलं की ते लागतं.

आता तक्रार. तोंड अरुंद आहे. सिरिंज ठीक जाते पण बटरफ्लाय (पंख आणि लांब नळी असलेली सुई) टाकताना नळी बाहेर लोंबकळते आणि गुंडाळून कोंबली तर स्प्रिंगसारखी उलगडून सुई परत हाताकडे येते!! सलाईन, अँटिबायोटिक जास्त असतील तर रुंद तोंडाचा बघा.

दुसरं म्हणजे स्टिकर. बायोहझार्डचं चिन्ह आणि बारीक इंग्लिश, संपलं. मावश्या, केअरटेकर मुली वाचणार काय त्यातून? मी मराठीत चिठ्ठी चिकटवली: टोचलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, तोंडात घालू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायचं औषध जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यायचं असतं. लोक एचआयव्हीलाच घाबरतात, खरं तर बाधित रक्ताच्या सुईने टोचल्यावर तो व्हायची शक्यता हजारात ३ च्या आसपास, पण हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर तिथे शंभरात ३० पर्यंत जाते. आणि लस साधी आहे, ३ डोस. एजन्सीवाल्यांनी पोरींना कामावर पाठवायच्या आधी ती द्यायलाच पाहिजे, पण तो विषय काढला की सगळे गप्प.

भरल्यावर डब्याचं काय, हे दुकानदार सांगत नाही. आमचे डबे आम्ही क्लिनिकमध्ये परत नेतो, तिथून बायोमेडिकल कचऱ्याची गाडी घेते. घरच्या घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी डबा बंद करून वेगळा द्यावा, वर ठळक "सुया" लिहून, ओल्या-सुक्यात अजिबात नको. पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढायचं 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंनी पुण्यात कितीतरी घरांना शिकवलं, पण सुया अजून सर्रास सुक्या कचऱ्यात येतात आणि त्या ताई तो कचरा हाताने निवडतात. जवळच्या दवाखान्यात विचारून बघा, ओळखीचे डॉक्टर असतील तर घेतात.

डबा नसेलच तर फिनाईलची जाड बाटली चालेल. पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई सहज बाहेर येते.

साईज छोटीच घ्या, दिवसाला एखादंच इंजेक्शन असेल तर मोठा डबा कितीतरी महिने अर्धाच राहतो आणि मग घरचे कंटाळून त्यात कापूस, रॅपर, काय वाट्टेल ते टाकायला लागतात.