शेतीचा हिरवा पट्टा 'इंडस्ट्रियल करून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा, माझे 8,26,000 गेले

लिहायला लाज वाटते, पण नागपूरच्या भंडारा रोडकडे सध्या हाच धंदा जोरात आहे म्हणून लिहितो.

हिंगणा एमआयडीसीत मी बावीस वर्षांपासून भाड्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशन करतो. स्वतःचं शेड टाकायचं होतं, एमआयडीसीतला प्लॉट झेपत नाही, म्हणून शेतजमीन पाहत होतो. त्यात हा दलाल भेटला. एक एकर, 38 लाख, हिरव्या पट्ट्यात आहे पण झोन बदलून देतो, आत सेटिंग आहे म्हणे. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. शेतमालकाला इसार 5,00,000 चेकने, दलालाला झोनच्या कामाचे 2,75,000 रोख (आधी 1,50,000, मग 1,25,000) आणि दलालीचे 51,000.

मी अनाडी नाही. महसूल कायद्याचं कलम 44अ मला माहीत होतं, इंडस्ट्रियल झोनमध्ये खऱ्या उद्योगासाठी आधी एनए (बिगरशेती) परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागते. हे खरंच आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीवरच त्यानं खोटं रचलं, की झोन बदलला म्हणजे काम झालं. पण झोन बदलायचा अधिकार पटवाऱ्याला नाही, तहसीलदाराला नाही, कलेक्टरलाही नाही. त्यासाठी एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याचं कलम 37, राजपत्रात नोटीस, लोकांच्या हरकती, मग राज्य सरकारची मंजुरी. पंधरा दिवसांत करून देतो म्हणणारा खोटाच.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप लागत नाही. कचेरीसमोरच्या टपरीवर त्यानं पिवळ्या फाईलमधून झोन बदलाच्या ऑर्डरची झेरॉक्स काढली. गोल शिक्का, जावक नंबर, आणि तारीख 2 ऑक्टोबर. गांधी जयंती! मी विचारलं पण, भाऊ या दिवशी तर ऑफिस बंद असते ना. तो म्हणे, "साहेब अर्जंट कामं सुट्टीतच काढतात, गर्दी नसते." आणि मी ते ऐकून घेतलं, आणि दुसरा हप्ता 1,25,000 तिथंच, चहाचे कप बाजूला सारून मोजून दिला. पाच मिनिटं थांबलो असतो तर!

त्याच्याआधी शेत पाहायला गेलो तेव्हा धानाच्या बांधीत पेंचच्या पाटाचं पाणी होतं, बूट चिखलात फसले. कालव्याच्या लाभक्षेत्रातली जमीन, तिला पाटबंधारे विभागाचीही ना हरकत लागते, हेही तेव्हा डोक्यात आलं नाही.

पण माझं चुकलं तरी कुठे ते सांगा. तो मला कचेरीच्या आत घेऊन गेला होता, शिपाई त्याला नमस्कार करत होता, आतल्या बाबूनं "होऊन जाईल" म्हटलं. वरून ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव दाखवला. सरकारी खुर्चीवर बसलेला माणूस मान डोलावतो तर साध्या माणसानं विश्वास ठेवायचा कोणावर? ग्रामपंचायतीचा ठराव झोनसाठी कामाचा नाही हे नंतर कळलं.

बँकेच्या वकिलानं नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा झोन दाखला मागितला तेव्हा भांडं फुटलं. मी स्वतः भाग नकाशासकट काढला, गट नंबर चक्क शेती झोनमध्ये. हा दाखला इसाराच्या आधी काढा, स्वतः काढा, दलालाच्या हातून नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 (मालक मोकळेपणी विकू शकतो) की 2 (विकायला सरकारची परवानगी लागते) तेही बघा. इसार नुसता नोटरी करू नका, रजिस्टर करा. सरकारी फी असेल तर ग्रासचं (सरकारचं ऑनलाइन पैसे भरायचं पोर्टल) चलान निघते, रोख मागितली की उठून या.

आणि आता माझी धावपळ. कचेरीत म्हणतात ऑर्डर आमची नाही. मग शिक्का कोणाचा? ते पोलिसांना विचारा. पोलीस म्हणतात पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी दावा करा. अहो, सरकारी ऑर्डर खोटी बनवली, यात दिवाणी काय आहे? तीन महिने चकरा मारतोय, दर वेळी साहेब बंदोबस्तात. तो बाबू आता ओळख दाखवत नाही. शेतमालक म्हणतो मुदत संपली, इसार जप्त. माहिती अधिकारात अर्ज टाकला तेव्हा कुठे लेखी मिळालं, "सदर क्रमांकाच्या आदेशाची नोंद आढळून येत नाही." ते घेऊन ठाण्यात गेलो तर म्हणे मूळ ऑर्डर आणा. मूळ दलालाकडे आहे, माझ्याकडे झेरॉक्सच. बुधवारी परत बोलावलंय.