नागपूरचा उन्हाळा आणि पीएचडीच्या चार वाटा

उष्णतेवर संशोधन करायचं ठरवून नागपुरात पीएचडीची चौकशी सुरू केली की एकाच विषयाला चार दारं दिसतात. शहर किती तापतं हे पर्यावरणशास्त्रात मोजता येतं. तापलेल्या शहरात माणसं कशी वागतात हे मानसशास्त्रात, धंद्याचं आणि मजुरीचं काय होतं हे वाणिज्य-व्यवस्थापनात, आणि शरीराचं काय होतं हे सार्वजनिक आरोग्यात. बहुतेक जण "स्कोप कशाला आहे" एवढंच विचारतात. त्याआधी विचारायला हवं की लागणारी माहिती कोणाच्या ताब्यात आहे आणि ती हाती यायला किती उन्हाळे जातील.

उन्हाळ्यांचा हिशेब

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी २. म्हणजे कागदावर सहा उन्हाळे. त्यातला पहिला किमान १२ क्रेडिटच्या कोर्सवर्कमध्ये आणि सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) जातो, शेवटचा लिखाणात. अडचणी धरल्या तर मोजणीला दोन किंवा तीन उरतात. १ एप्रिल ते १४ जून हे ७५ दिवस. मार्चअखेर यंत्रं किंवा परवानगी हातात नसली की पूर्ण वर्ष गेलं, कारण जुलैमध्ये उष्माघात मोजता येत नाही.

हा फटका पर्यावरण आणि आरोग्य या दोघांना सर्वांत जास्त बसतो. मानसशास्त्राला थोडा कमी. वाणिज्यवाल्याला जवळपास नाहीच, कारण त्याला मागच्या दहा वर्षांचे आकडे घेऊनही काम करता येतं.

यंत्र की माणूस

पर्यावरणात मनधरणी कमी आणि हमाली जास्त. तापमानाचे लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारी छोटी यंत्रं, लावायचे तर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळेल अशा पांढऱ्या आवरणात. भिंतीला खेटून लावला तर तो भिंतीची धग नोंदवतो, उघड्या उन्हात लावला तर स्वतःचीच. घरातलं तापमान मोजणार असाल तर कूलर कधी चालू होता, कधी बंद, ही वेळ रोज लिहून घ्या. कूलरने पारा उतरतो आणि दमटपणा चढतो, त्यामुळे नुसतं तापमान बघून "घर थंड होतं" असं म्हणता येत नाही; आर्द्रताही नोंदवणारा लॉगर हवा. हंगाम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर सगळे लॉगर एकाच खोलीत २४ तास शेजारी-शेजारी ठेवा. त्यांच्यात आपसात किती फरक येतो ते तिथेच कळतं, आणि तो नंतर वजा करता येतो. हे करायचं राहिलं तर महाल आणि सिव्हिल लाइन्स या दोन वस्त्यांमधला एका अंशाचा फरक शहराचा की यंत्राचा, या प्रश्नाला व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) उत्तर नसतं.

लॉगर परवडत नसतील तर उपग्रह आहे. लॅन्डसॅट ८ आणि ९ यांची चित्रं फुकट मिळतात, दोन्ही मिळून दर ८ दिवसांनी. पण ती सकाळी साडेदहाच्या सुमाराची असतात आणि जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतात. टिनाच्या छताचं तापमान म्हणजे त्याखाली झोपणाऱ्याच्या हवेचं तापमान नव्हे. माणसाला खरा छळतो तो रात्रीचा उकाडा, आणि तो या चित्रांत येतच नाही. "शहरी उष्णता बेट" (भोवतालच्या भागापेक्षा शहर जास्त तापणं) असं नाव देऊन लिहिलेल्या कितीतरी सिनॉप्सिसमध्ये हा घोळ असतो.

आणखी एक बारकावा फक्त आपल्याकडचा. हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट धरतं ती पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त असला तर, किंवा सरळ ४५ गाठला तर. नागपूरची मे महिन्यातली कमाल सरासरीच साडेबेचाळीसच्या आसपास आहे. म्हणजे पहिली अट लागायला पारा ४७ ला भिडावा लागतो, दुसरी त्याआधीच लागते. मार्चअखेर मात्र उलटं होतं. कुठली व्याख्या घेतली हे सिनॉप्सिसमध्ये लिहिलं नाही तर लाटेचे दिवस दोन जण वेगवेगळे मोजतील.

मानसशास्त्रात यंत्र म्हणजे प्रश्नावली, आणि ती बिघडते भाषेत. उष्णतेची जाणीव मोजायला उणे ३ ते अधिक ३ अशी सात पायऱ्यांची पट्टी जगभर वापरतात: फार थंड, थंड, किंचित थंड, मध्यम, आणि मग गरमीकडे चढत तीन पायऱ्या. शून्याच्या वरच्या पहिल्या पायरीला कुणी "किंचित ऊबदार" लिहितं आणि सगळं फसतं. मराठी माणसाला ऊब हवीहवीशी वाटते. मेमध्ये ती कुणाला नको असते. शिवाय "ऊन लागतंय" आणि "उकडतंय" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एक कोरडी आणि एक दमट. इंग्रजी पट्टीत ही फोड नाही. म्हणून दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, तिसऱ्याने मूळ न बघता ते उलट इंग्रजीत न्यायचं, आणि मग दहा-पंधरा जणांना प्रश्न वाचून दाखवून "तुम्हाला यातून काय समजलं" हे मोठ्याने बोलायला लावायचं. या शेवटच्या पायरीला कंटाळा करणारे नंतर क्रोनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.७० च्या खाली आला म्हणून हताश होतात.

पाण्याबद्दल विचारताना "किती ग्लास" विचारू नका. कोणाचा ग्लास १५० मिलिचा, कोणाचा ३००चा. मोजलेली बाटली द्या आणि सात दिवसांची डायरी भरून घ्या. अन् हो, थंड एसी हॉलमध्ये बसवून विचारलेल्या उन्हाळ्याच्या प्रश्नांची उत्तरं थंडच येतात.

मनःस्थिती मोजायची असेल तर पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली मराठीतही उपलब्ध आहे: ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७, मागच्या दोन आठवड्यांबद्दल. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला "हो" आलं तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा आणि त्या व्यक्तीला कुठे न्यायचं, हे प्रस्तावात लिहिलेलं नसेल तर नैतिकता समिती परत पाठवते, आणि बरोबरच करते.

कुलपं आणि किल्ल्या

आरोग्यात अडकतं ते इथेच. माणसाला हात लावायचा, त्याची केसपेपरची माहिती घ्यायची किंवा नुसती मुलाखत घ्यायची, तरी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीची मंजुरी आधी. संमतीपत्र सहभागी व्यक्तीच्या भाषेत हवं, म्हणजे नागपुरात मराठी आणि हिंदी दोन्ही. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो. १८ च्या आतल्यांसाठी पालकांची संमती, शिवाय सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकार. ओल्या चादरी, पंखे, क्षारसंजीवनी असं काही देऊन फरक बघणार असाल तर तो हस्तक्षेप झाला. मग पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी हवी, नंतर केलेली चालत नाही. एप्रिलमध्ये काम सुरू करायचं तर कागद दिवाळीच्या आसपास समितीकडे जायला हवेत, कारण पहिल्या फेरीत दुरुस्त्या येतातच.

जुने केसपेपर वापरू, म्हणजे सोपं जाईल, असं वाटतं. जात नाही. उष्माघात म्हणायला शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांवर आणि भान हरपणं, दोन्ही लागतं. कॅज्युअल्टीत रुग्ण येतो तो गार पाण्याने पुसलेला, तापमान घेतात काखेत, आणि कागदावर लिहिलं जातं "ताप, बेशुद्धी". असे रुग्ण तुमच्या मोजणीतून गळतात. म्हणून केसपेपर निवडायच्या अटी निदानाच्या नावावर न ठेवता लक्षणं, तारीख आणि त्या दिवसाचा पारा यांवर ठेवा.

वाणिज्यात समिती सौम्य असते, पण किल्ली मालकाच्या खिशात. दुपारी १२ ते ४ काम बंद ठेवल्याने किती मजुरी बुडाली हे हजेरीपटावरच कळतं, आणि ठेकेदार हजेरीपट सहसा दाखवत नाही. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत विचारायला जायचं तर महिन्याची १० ते २० तारीख टाळा: ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, त्या दिवसांत ना हिशेबनीस भेटतो ना मालक. मार्च तर सोडूनच द्या. "सूक्ष्म व लघु उद्योग" असा नमुना घेतलात तर व्याख्या तपासा. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची मर्यादा गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी झाली. त्याआधी ती १ आणि ५ कोटी होती. जुन्या यादीतले कितीतरी "लघु" आता सूक्ष्म आहेत, आणि अर्धा डेटा एका व्याख्येचा, अर्धा दुसरीचा असला तर तुलना मोडते. खासगी वह्या नकोत तर कळमना बाजाराच्या आवक-भावाची नोंद सरकारी संकेतस्थळावर उघडी आहे. फक्त संत्र्याचे दोन बहार (हंगाम) वेगळे ठेवा: आंबिया ऑक्टोबर-डिसेंबरचा, मृग फेब्रुवारी-एप्रिलचा.

३८४

नमुन्यात किती जण घ्यायचे याचा एक आकडा चारही शाखांच्या प्रबंधांत सारखा भेटतो: ३८४. तो येतो ९५ टक्के खात्री, ५ टक्के चूक आणि ५० टक्के प्रमाण धरून, आणि एका टक्केवारीचा अंदाज घेण्यापुरताच खरा आहे, तोही यादृच्छिक नमुन्यात. आरोग्यात वस्त्या निवडून घरं घेतलीत तर तो साधारण दुप्पट करावा लागतो: ७६८, आणि दहा टक्के लोक नकार देतील असं धरलं तर ८५४. मानसशास्त्रात दोन गटांतला मध्यम फरक पकडायला प्रत्येकी ६४ जण पुरतात. पर्यावरणात ३८४ ला अर्थच नाही. १२ लॉगर दर १० मिनिटांनी नोंद करत ७५ दिवस चालले तर १,२९,६०० नोंदी होतात, पण ठिकाणं बाराच. सव्वा लाखाचा आकडा बघून हुरळलात तर परीक्षक विचारणारच. वाणिज्यात ओळखीच्या ग्रुपवर फॉर्म फिरवून जमवलेले ३८४ हे ३८४ ओळखीचे लोक असतात.

पैसा, पदवीनंतर, आणि गाइड

जेआरएफ (सरकारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. ती नसेल तर बार्टी, सारथी, टीआरटीआय आणि नागपुरातच मुख्यालय असलेली महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. जाहिरातींवर डोळा ठेवावा लागतो. खर्चाची उतरंड सरळ आहे: आरोग्यात तपासण्यांना, पर्यावरणात यंत्रांना आणि पेट्रोलला, मानसशास्त्रात प्रश्नावलीच्या हक्कांना आणि फिरण्याला, वाणिज्यात सशुल्क डेटाबेस घेतला तरच.

मानसशास्त्राबद्दल एक गैरसमज आधीच काढून टाका. नुसत्या पीएचडीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तिचा अभ्यासक्रम वेगळा.

पर्यावरणासाठी विद्यापीठाखेरीज नागपुरातली नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहेच. १९५८ मध्ये ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली, "पर्यावरण" नावात आलं १९७४ मध्ये. म्हणून उष्णता-आरोग्य अशी जोड हवी असेल तर पर्यावरणाच्या दारातून शिरून आरोग्याचा सहमार्गदर्शक घेणं आम्हाला जास्त व्यवहार्य वाटतं. उलट केलं तर समितीत एक उन्हाळा जातो. आकड्यांशी दोस्ती असेल, उन्हात हिंडायचं नसेल आणि नोकरी सांभाळून करायचं असेल, तर वाणिज्य निवडा. त्यात कमीपणा काही नाही.

गाइडला भेटायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. जागा किती रिकाम्या आहेत: प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी घेता येतात. आणि निवृत्ती कधी आहे: ती तीन वर्षांच्या आत असेल तर त्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही.