अबकाउडे गावातील घर : चौदा महिन्यांच्या वास्तव्यानंतर

ॲमस्टरडॅमची हद्द आग्नेयेला जिथे संपते तिथून कुरणे सुरू होतात, आणि त्या कुरणांमध्ये आंगस्टेल आणि खाइन या दोन लहान नद्यांच्या काठी अबकाउडे हे गाव वसलेले आहे. मार्च 2024 मध्ये आम्ही या गावातल्या, 1962 साली बांधलेल्या एका घराच्या किल्ल्या घेतल्या. आठ घरांच्या रांगेतले हे मधले घर आहे : खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर तीन खोल्या, मागे नऊ मीटर लांबीची परसबाग आणि बागेच्या टोकाला पाण्याचा चर. ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टेलव्हेन शहरात भाड्याच्या सदनिकेत राहून घर शोधणारी ओळखीची मराठी कुटुंबे आम्हाला वारंवार आमचा अनुभव विचारतात. त्यांचे प्रश्न स्वयंपाकघर, शाळा आणि स्टेशनचे अंतर यांविषयी असतात. घराखालच्या जमिनीविषयी कोणीही विचारत नाही. आम्हीही विचारले नसते. तो प्रश्न सांगलीहून आला.

माझ्या वडिलांनी सांगलीजवळ काळ्या मातीच्या जमिनीत घर बांधलेले आहे. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती माती भिंतींना कशी तडे पाडते हे त्यांनी शेजाऱ्यांच्या घरांत पाहिलेले होते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय त्यांनी पाया भरू दिला नाही. आम्ही हौसेने पाठवलेली छायाचित्रे पाहून त्यांनी एवढेच विचारले, "पाया कशावर आहे? मुरूम किती फुटांवर लागला?"

इथे मुरूम नाही. 2011 पासून हे गाव ज्या नगरपालिकेत आहे तिचे नाव डे रोंडे व्हेनन, आणि 'व्हेन' म्हणजे पीट : शतकानुशतके पाण्यात साचत गेलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची स्पंजासारखी माती. तिच्यावर घर उभे राहत नाही, म्हणून कित्येक मीटर खाली असलेल्या घट्ट वाळूपर्यंत खांब ठोकून घर त्यांवर उभारतात. जुन्या घरांखालचे हे खांब बहुधा लाकडी असतात. लाकूड पाण्यात बुडालेले असेल तोवर ते पिढ्यानुपिढ्या टिकते. भूजल खाली जाऊन खांबांची डोकी उघडी पडली की हवा लागते, बुरशी धरते आणि घर हळूहळू खचू लागते. खरेदीपूर्वी तज्ज्ञाकडून करून घेतात ती नेहमीची तपासणी डोळ्यांना दिसेल तेवढ्याचीच असते : छप्पर, भिंती, खिडक्या, फार तर फरशीखालच्या पोकळीत एक नजर. खांब पाहायचे तर भिंतीलगत खड्डा खणावा लागतो, त्यासाठी मालकाची परवानगी लागते, आणि दहा जण बोली लावून बसलेले असताना ती परवानगी सहसा मिळत नाही.

बोलीची पद्धतही समजून घेतली पाहिजे. जाहीर केलेली किंमत ही केवळ सुरुवात असते, बोली बंद असते, आणि दुसऱ्यांनी किती रक्कम लिहिली हे आपल्याला कळत नाही. आमच्या बाजूने काम पाहणाऱ्या मकेलारने, म्हणजे घरांच्या दलालाने, कर्ज मंजुरीची आणि तपासणीची अशा दोन्ही अटी, म्हणजे त्या पुऱ्या न झाल्यास करारातून बाहेर पडण्याच्या वाटा, काढून टाकण्याचा सल्ला दिला. आम्ही तो मानला नाही आणि त्यामुळे दोन घरे हातची गेली. मला त्याची खंत वाटत नाही. करारावर सह्या होऊन त्याची प्रत हाती आल्यानंतर कायद्याने तीन दिवसांची फेरविचाराची मुदत मिळते आणि त्या काळात कारण न देता माघार घेता येते. त्यानंतर मात्र अटी नसतील तर सामान्यतः किमतीच्या दहा टक्के दंड भरावा लागतो. पायाची शंका तीन दिवसांत फिटत नाही.

हे तिसरे घर पाहिल्यावर बोली लावण्यापूर्वी आम्ही रांगेतल्या शेवटच्या घराची घंटा वाजवली. दार उघडणाऱ्या आजी त्या घरात पहिल्यापासून राहत होत्या. आम्ही मोडक्यातोडक्या डचमध्ये पायाविषयी विचारताच त्यांनी आत बोलावले, कॉफी ठेवली आणि कपाटातून एक जाड फाइल काढून टेबलावर उलगडली. पिवळ्या पडलेल्या नकाशात लाकडी खांबांवर काँक्रीटची डोकी बसवलेली दिसत होती, म्हणजे भूजल थोडे उतरले तरी लाकूड पाण्यातच राहणार होते. त्यामागे आणखी एक कागद होता : आठही घरांच्या दर्शनी भिंतीवरील विटांचा एकच आडवा सांधा टोकापासून टोकापर्यंत मोजून, रांग कुठे कललेली आहे का, हे तपासणारा अहवाल. कलणे नगण्य होते. रांगेतल्या घरांचा पाया सामाईक असल्याने तो एकट्याने दुरुस्त करता येत नाही, सर्व शेजाऱ्यांची संमती आणि पैसे लागतात, हेही त्यांनीच समजावून सांगितले. त्या अर्ध्या तासात आम्हाला जे कळले ते घराच्या देखण्या माहितीपत्रकात कुठेही नव्हते.

पैशांविषयी थोडक्यात सांगते. बँक घराच्या मूल्यांकनाच्या शंभर टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, त्यामुळे मूल्यांकनाहून जास्त लावलेली बोली, खरेदीखत करून देणाऱ्या नोटारिसचे शुल्क आणि दोन टक्के हस्तांतरण कर हे सारे आपल्या बचतीतून द्यावे लागते. वयाच्या पस्तिशीच्या आत पहिले घर घेणाऱ्यांना 2024 साली 5,10,000 युरोपर्यंतच्या घरावर तो कर माफ होता. आमचे वय त्यापुढे गेलेले होते. एक गोष्ट मात्र आमच्या पथ्यावर पडली. ॲमस्टरडॅम शहरात 1896 पासून महापालिका जमीन विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने देत आली आहे आणि अनेक सदनिका घेताना त्या पट्ट्याचा हिशेब करावा लागतो. इथे जमीन आमच्या मालकीची आहे.

पाया भक्कम निघाला तरी जमिनीने आपला हिशेब वसूल केलाच. ऑक्टोबरमध्ये शौचालयातून गुडगुड आवाज येऊ लागला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी वास सुटला. फरशा उचलल्यावर कारण दिसले : घर खांबांवर असल्याने जागचे हलत नाही, परंतु बाग पीटवर असल्याने दरवर्षी थोडी खाली जाते, आणि भिंतीतून बाहेर पडणारा सांडपाण्याचा पाइप बागेबरोबर ओढला जाऊन भिंतीलगतच तुटलेला होता. उंबऱ्याखाली हाताचा पंजा आडवा आत जाईल एवढी फट पडली होती आणि तिच्यातून घराखालचा काळोख दिसत होता. विकणाऱ्याने घर बाजारात आणण्यापूर्वी मागच्या अंगणात नव्या फरशा घातल्या होत्या, आणि विक्रीच्या प्रश्नावलीत सांडपाण्याविषयीच्या प्रश्नापुढे 'अडचण नाही' असे लिहिले होते. मला त्याचा राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. दुरुस्तीला साडेतीन हजार युरो लागले. नवा पाइप लवचीक जोड देऊन बसवला, आणि भरावासाठी वाळूऐवजी वजनाला हलका असा ज्वालामुखीय सच्छिद्र दगड वापरला, कारण वाळूच्या भाराने पीट आणखी दबते आणि काही वर्षांनी तेच काम पुन्हा करावे लागते. पीटच्या भागात घर पाहायला जाल तेव्हा नव्या फरशा पाहून हरखू नका; त्या कधी आणि कशासाठी घातल्या हे अवश्य विचारा.

याच कारणाने पाणी मंडळाकडे आमचे लक्ष लागून राहते. चरातील पाण्याची पातळी हे मंडळ ठरवते आणि त्यासाठी वेगळा कर घेते. पातळी उतरवली की कुरण कोरडे राहते आणि शेतकऱ्याचे ट्रॅक्टर रुतत नाहीत, पण कोरडे पडलेले पीट हवेशी संयोग होऊन अक्षरशः नाहीसे होते आणि जमीन आणखी खचते. मंडळाची निवडणूक दर चार वर्षांनी होते, मागची मार्च 2023 मध्ये झाली, आणि वैध वास्तव्य परवाना असलेल्या परदेशी नागरिकालाही तिच्यात मत देता येते. हा हक्क आपल्याला आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

आता शांततेविषयी, कारण आम्ही तिच्यासाठीच आलो. रात्री दहानंतर चरातल्या बदकांखेरीज आवाज नसतो. वारा पश्चिमेकडून असला, आणि तो बहुधा तिकडूनच असतो, की ए-2 महामार्गाची संथ घरघर बागेत ऐकू येते. म्हणून घर पाहायला दोनदा जावे, एकदा तरी वाऱ्याच्या दिवशी. आई तीन महिन्यांसाठी आली तेव्हा पहिला आठवडा तिला फार जड गेला. खिडकीतून माणूस दिसत नाही, असे ती म्हणत असे. पुढे शेवटच्या घरातल्या आजी तिला रोज नदीकाठी फिरायला नेऊ लागल्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना. वाटेत 1887 साली पूर्ण झालेला किल्ला लागतो; शत्रू आला तर भोवतालची कुरणे पाण्याखाली बुडवून ॲमस्टरडॅम वाचवायचे या योजनेतला तो एक भाग. किल्ल्याजवळच्या बाकावर दोघी बसत.

रोजच्या सोयींत उणीव जवळजवळ नाही. रेल्वेने ॲमस्टरडॅम सेंट्राल साधारण वीस मिनिटांवर आहे आणि शहराच्या आग्नेय टोकाची बाइलमर ही वस्ती तर काही मिनिटांवर. बाइलमरच्या सुरिनामी दुकानांत ताजी कारली 'सोप्रोपो' या नावाने मिळतात, भेंडी मिळते, हातभर लांब चवळीच्या शेंगा मिळतात. 1873 पासून भोजपुरी मुलुखातून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, नेलेल्या मजुरांच्या वंशजांनी ही भाजी इथवर आणली. ती चिरताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.

दुरुस्तीच्या दिवशी आम्ही मागच्या दाराच्या खालच्या विटेवर, फरशीच्या पातळीला, एक रेघ ओढून ठेवली. दर तीन महिन्यांनी तिथे पट्टी लावतो. आतापर्यंत फरशी चार मिलिमीटर उतरली आहे. तो आकडा वहीत लिहायच्या आधीच सांगलीहून वडिलांचा फोन आलेला असतो.