चुंबकी प्रॉप बॅलन्सर, नऊ महिने वापरल्यावर: व्हिडिओतला जेलो गेला का?

नऊ महिने झाले हा बॅलन्सर (ड्रोनच्या प्रॉपचं, म्हणजे पंख्याचं, वजन सगळीकडे सारखं आहे का ते दाखवणारं साधन) घेऊन. घेतल्या घेतल्या लिहिणार होतो पण राहून गेलं आणि ते बरंच झालं, कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो आणि दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर शिव्या घातल्या असत्या.

आधी माझा सेटअप सांगतो. घरी जोडलेला क्वाड (चार मोटरचा ड्रोन), 10 इंची दोन पात्यांचे प्रॉप, फ्लाइट कंट्रोलरवर (ड्रोन सांभाळणारा बोर्ड) अर्डुपायलट हे सॉफ्टवेअर, आणि गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरवाली चौकट) वगैरे काही नाही, चार रबरी बॉलवर टांगलेल्या प्लेटला साधा अ‍ॅक्शन कॅमेरा. उडायला मस्त, हॉवरला तर खिळा ठोकल्यासारखा उभा राहतो. पण खाली उतरवून व्हिडिओ बघितला की पोटात ढवळायचं. फ्रेममध्ये एखादा खांब आला की तो सापासारखा वळवळणार, इमारतीच्या कडा पाण्यात बघितल्यासारख्या. हाच तो जेलो. एडिटिंगमध्ये स्टॅबिलायझर मारून बघितला तर आणखी घाण, कारण तो अख्खी फ्रेम सरकवून सरळ करतो, इथे फ्रेमची प्रत्येक ओळच वेगळ्या दिशेला गेलेली असते.

का होतं ते थोडक्यात, कारण मला हे कळायलाच महिना गेला. या कॅमेऱ्यांचा सेन्सर अख्खं चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत येतो. हॉवरला माझ्या मोटर साधारण 5400 आरपीएमला फिरतात (ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, त्याच्या टेलिमेट्रीत दिसतं), म्हणजे सेकंदाला 90 फेऱ्या, आणि प्रॉप एका बाजूला जड असेल तर दर फेरीला एक धक्का. एक फ्रेम वाचायला सेकंदाचा पंचेचाळिसावा भाग लागतो असं धरलं तर तेवढ्यात कॅमेरा दोनदा हलून जातो. व्हिडिओ पॉज करून खांबातल्या लाटा मोजल्या, बरोबर दोन निघाल्या! पात्यांच्या हवेच्या दणक्याने होत असतं तर फेरीला दोन पाती, म्हणजे सेकंदाला 180 दणके (180 हर्ट्झ) आणि खांबात चार लाटा दिसल्या असत्या. म्हणजे दोष फिरणाऱ्या वस्तूच्या वजनात होता. कुणाला जेलो येत असेल तर खर्च करायच्या आधी पॉज करून लाटा मोजा, फुकटात अर्धं निदान होतं.

मी अर्थातच आधी खर्च केला. तीन प्रकारचे रबरी बॉल आणले, मऊ, मध्यम, कडक. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. वर कडक बॉल लावल्यावर जेलो वाढला, तेव्हा तर डोकंच फिरलं. नंतर कळलं की रबराची स्वतःची एक नॅचरल फ्रिक्वेन्सी असते आणि धक्के तिच्या 1.41 पटीच्या वर असतील तरच रबर ते अडवतं, त्याच्या खाली उलट वाढवून देतं. माझा कॅमेरा हलका, बॉल बहुतेक जड गिंबलसाठी बनवलेले, त्यामुळे कॅमेऱ्याच्या वजनाने ते दबतच नव्हते. ढोबळ हिशोब असा की वजनाने रबर 1 मिलिमीटर दबलं तर फ्रिक्वेन्सी 16 हर्ट्झच्या आसपास येते, आणि नुसतं 0.05 मिलिमीटर दबलं तर 70 च्या. 70 ला 1.41 ने गुणलं की 99, आणि माझे धक्के 90 चे, मग वाढणार नाही तर काय. मऊ बॉल परत लावले आणि प्लेटवर शिशाची छोटी वजनं चिकटवली, तेव्हा कुठे जरा फरक पडला. वजन कमी करायला जीव टाकणारी आपण माणसं, इथे मुद्दाम चढवतोय :)

आता बॅलन्सर. एक स्टँड, दोन टोकांना चुंबक, मध्ये स्टीलचा बारीक शाफ्ट. शाफ्टचं एकच टोक चुंबकाला टेकतं, दुसरं हवेत तरंगतं, त्यामुळे घर्षण जवळपास नाहीच. प्रॉप शाफ्टवरच्या दोन कोनमध्ये (शंकूच्या आकाराच्या बुचांमध्ये) अडकवून आडवा धरायचा आणि सोडायचा. पहिला प्रॉप सोडला आणि एक पातं सरळ खाली गेलं, दोन-तीन झोके खाल्ले आणि लटकून राहिलं. दुसरा, तेच. नवीन पाकिटातल्या चारपैकी तीन प्रॉप असे निघाले, म्हणजे "नवा आहे म्हणजे बरोबर असणार" हे डोक्यातून काढून टाका. हलक्या पात्यावर सेलोटेपचा नखाएवढा तुकडा लावायचा, नाहीतर जड पात्याला टोकाजवळ खालच्या बाजूने बारीक पॉलिश पेपर मारायचा. मी टेपवाला, कारण चुकलं तर काढता येते. फक्त टेप लावायच्या आधी पातं स्पिरिटने पुसा, नाहीतर तिसऱ्या फ्लाइटला उडून जाते आणि तुम्ही परत मोटरला दोष देत बसता.

बऱ्याच जणांचं एक चुकतं, माझंही चुकलं. प्रॉप आडवा स्थिर राहिला की झालं असं वाटतं. मग तोच प्रॉप उभा करून सोडा. माझा एक प्रॉप आडवा तासभर हलला नसता पण उभा केला की हळूच डावीकडे कलायचा, म्हणजे पाती सारखी पण मधला हबच एका बाजूला जड. हबच्या हलक्या बाजूला सुपर ग्लूचा एक थेंब, वाळू द्या, परत बघा, परत थेंब. या एका प्रॉपने माझा रविवार खाल्ला. आणि हे करताना पंखा बंद ठेवा. मी अर्धा तास पंख्याच्या वाऱ्याचं बॅलन्सिंग करत होतो.

सुरुवातीला फ्लाइट कंट्रोलरच्या लॉगमध्ये झेडचं (उभ्या दिशेतलं) व्हायब्रेशन 38 च्या आसपास होतं. अर्डुपायलटवाले 30 मीटर प्रति सेकंद वर्गच्या खाली ठीक म्हणतात आणि 60 च्या वर गेलं तर जवळपास नक्कीच गडबड. चारही प्रॉप केल्यावर 24 ला आलं, व्हिडिओ निम्म्याहून जास्त सुधारला, मी खूश. पाच स्टारवाला आठवडा तो हाच. दुसऱ्या महिन्यात एकदा वाळूत जरा जोरात उतरवला आणि नंतर जेलो परत हजर, आकडा 41. प्रॉप काढून तपासले, चारही नीट. तेव्हा बॅलन्सरला मनसोक्त शिव्या दिल्या. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, तो फक्त प्रॉप बघतो, मोटर नाही.

मग आरशाचा तुकडा आणि लेझर पॉइंटरचा जुगाड केला. क्वाड टेबलाला घट्ट बांधला, प्रॉप काढले (हे न सांगता कळायला हवं पण सांगतोच), एका आर्मवर नखाएवढा आरसा चिकटवला आणि त्यावर लेझर मारला की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका. मोटर चालू केली की ठिपक्याची रेघ होते, जेवढी रेघ लांब तेवढी मोटर हलते. तीन मोटरची रेघ तांदळाच्या दाण्याएवढी, मागच्या उजवीची आगपेटीच्या काडीएवढी. बंद करून बोटाने फिरवली तर खरखर, चक्क कानाला लावल्यावर ऐकू येत होती. बेअरिंगमध्ये वाळू. क्लिप काढून बेल (मोटरचा फिरणारा बाहेरचा भाग) ओढली, बेअरिंग बदललं, तरी रेघ थोडी उरली, ती बेलवर टेपचा तुकडा सरकवत सरकवत घालवली. पुढच्या फ्लाइटला झेड 14.

तरी व्हिडिओत बारीक थरथर शिल्लक होती आणि लॉग तर स्वच्छ! मग हलतंय काय? कॅमेऱ्याला जाणारी जाड यूएसबी केबल मी झिपटायने फ्रेमला कचकचून बांधली होती. म्हणजे कॅमेरा रबरावर टांगलेला आणि केबलने तोच फ्रेमला जखडलेला, सगळे धक्के रबराला वळसा घालून केबलमधून थेट आत. फ्लाइट कंट्रोलरला यातलं काही कळणार कसं, तो बसतो फ्रेमवर. पातळ सिलिकॉन वायर घेऊन एक सैल लूप सोडला, थरथर गायब.

एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काळपट काच) लावा असं सगळेच सांगतात. बरोबर आहे, कडक उन्हात शटर 1/2000 ला जातं आणि तेव्हा लाटा अगदी कोरीव दिसतात, एनडी 32 लावला की पाच स्टॉप कमी (प्रकाश पाच वेळा निम्मा), 1/60 वर येतं आणि हलक्या ब्लरमध्ये जेलो लपतो. पण तो मेकअप आहे, खाली पुरळ तशीच. मी तर व्हायब्रेशन शोधायचं असेल तेव्हा मुद्दाम फिल्टर काढून उडवतो.

बॅलन्सरच्या तक्रारी. कोन प्लास्टिकचे आहेत आणि एकाचा आटा सहाव्या महिन्यात गेला, आता तो थोडा तिरका बसतो. शाफ्टच्या टोकाला चुंबक कुठून कुठून लोखंडाचा भुसा ओढून आणतो, दर वेळी पुसावा लागतो नाहीतर शाफ्ट अडकतो आणि सगळे प्रॉप परफेक्ट वाटायला लागतात. शाफ्ट स्वतःच एका बाजूला जड आहे का तेही बघा, प्रॉप कोन ढिले करून अर्धा फिरवून परत अडकवायचा, पहिलंच पातं परत खाली आलं तर प्रॉप जड, दुसरं आलं तर शाफ्ट. माझा ठीक निघाला. बाकी, फोल्डिंग प्रॉपला हा जवळपास निरुपयोगी, पाती बिजागरीत हलतात, त्यांची पाती काढून बारीक वजनकाट्यावर जोड्या लावणंच बरं.

चार स्टार देतोय. एक कापला तो कोनसाठी. थंडीत सकाळी रबर कडक होतं तेव्हा पहिली पाच मिनिटं अजून किंचित लहर येते, आणि सरळ खाली उतरताना प्रॉप आपल्याच ढवळलेल्या हवेत शिरतात तेव्हाही येते, ते मी सोडून दिलंय, उतरताना जरा पुढे सरकत उतरवतो. आणि हो, परवा डावी पुढची मोटर फिरवली तर तीही थोडी खरखरायला लागलीये, आज संध्याकाळी आरसा परत काढणार.