सोया, ओट, बदाम, नारळ: दुधाची ॲलर्जी असेल तर स्वयंपाकात कोणतं टिकतं?

दुधाऐवजी वापरायच्या पेयांची खोकी आता ढिगाने मिळतात आणि प्रत्येकावर ‘अगदी दुधासारखं’ असा दावा असतो. गार पिताना तो थोडाफार खराही वाटतो. पातेलं गॅसवर चढलं की मात्र एकेक जण गुण उधळायला लागतं. ही पारख त्या गुणांची आहे. चवीचे मार्क नंतर.

आधी खोक्याची मागची बाजू. ॲलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची, म्हणजे केसीन आणि व्हेची. लॅक्टोज ही साखर आहे, तिचा इथे संबंध नाही. त्यामुळे ‘लॅक्टोज-फ्री’ दूध ॲलर्जीवाल्याला साध्या दुधाइतकंच घातक. शेळीचं किंवा म्हशीचं दूधही चालत नाही, कारण त्यातली प्रथिनं गाईच्या दुधाशी फार जुळतात. तुपात प्रथिनांचा अंश राहतो, तेव्हा तेही बाद. कॉफीत घालायच्या ‘नॉन-डेअरी’ पावडरीत सोडियम केसिनेट, म्हणजे केसीनच, सापडतं; तेव्हा पुढे लिहिलेल्या नावाला काही अर्थ नाही. नवा सापळा म्हणजे ‘ॲनिमल-फ्री’ दूध: यातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे व्हेतलं प्रथिन सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं असतं. गाय नाही, पण प्रथिन तेच. उलट कोको बटर हे नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, त्यात दूध नसतं.

आता सोया. स्वयंपाकासाठी आमचा पहिला नंबर याचाच, आणि त्याला कारण आहे. १०० मिलीमध्ये साधारण ३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास. पांढरा सॉस करायचा तर ३० ग्रॅम तेलात ३० ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. मग ५०० मिली कोमट सोया दूध पळी-पळीने घाला आणि प्रत्येक पळी पूर्ण मिसळल्याशिवाय पुढची घालू नका. सगळं एकदम ओतलं की बाहेरचा मैदा लगेच शिजतो, आतला कोरडा राहतो आणि गुठळ्या होतात. उकळी आल्यावर पाच मिनिटं ढवळत ठेवा, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. गार होताना यावर दुधासारखीच साय धरते. नको असेल तर कागद सॉसला चिकटवून झाका. कडधान्याचा वास जाणवला तर चिमूटभर जायफळ आणि अर्धा चमचा मोहरीची पेस्ट पुरते.

फक्त खोकं ‘अनस्वीटन्ड’ लिहिलेलंच घ्या. ‘ओरिजिनल’ म्हणजे साधं असा समज होतो, पण त्यात बहुतेकदा साखर असते आणि ती नेमकी सॉसमध्ये कळते.

सोयाची खोड कॉफीत. कॉफी आंबट आणि वर गरम. सोयाची प्रथिनं या दोन्हींच्या माऱ्यात एकमेकांना चिकटतात आणि कपात चोथा तरंगतो. दूध खराब झालेलं नसतं. आधी दूध कोमट करून कपात घ्या आणि कॉफी त्यात बारीक धारेने सोडा. गडद भाजलेली कॉफी कमी आंबट, ती घेतली तर आणखी बरं. खास कॉफीसाठीच्या ‘बरिस्ता’ खोक्यात डायपोटॅशियम फॉस्फेट असतं, ते आंबटपणा सावरून धरतं.

हीच खोड केकमध्ये मात्र कामाला येते. ताकाच्या जागी २४० मिली सोया दुधात १५ मिली लिंबाचा रस किंवा व्हिनेगर ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. दाट होतं, आणि खायच्या सोड्याला लागणारा आंबटपणाही मिळतो. याला अर्धा चहाचा चमचा सोडा पुरे. बदामाच्या दुधात हाच प्रयोग केला तर ते दाट होत नाही, कारण फाटायला पुरेसं प्रथिनच नसतं. आंबटपणा तेवढा मिळतो, त्यामुळे केक फुगतो, पण मिश्रण पातळ राहतं; द्रव दोन चमचे कमी घ्या.

बदामाबद्दल आणखी काय सांगणार! बहुतेक खोक्यांत बदाम इतके थोडे असतात की स्वयंपाकात ते जवळपास पाणीच. घरी १५० ग्रॅम बदाम आठ तास भिजवून ६०० मिली पाण्यात वाटले आणि कापडातून गाळले तर दूध म्हणावं असं काही हाती लागतं. सॉस दाट हवा असेल तर त्यापेक्षा काजू बरे: १०० ग्रॅम काजू १५ मिनिटं उकळून १५० मिली पाण्यात गंधासारखे वाटा. काजूत स्टार्च असल्यामुळे गरम केल्यावर ते आणखी आळतात, म्हणून आधी जरा पातळच ठेवा. बदाम-काजूची किंवा सोयाची वेगळी ॲलर्जी नाही ना, हे आधी पक्कं करायचं.

कॉफीसाठी ओट उत्तम. एन्झाइमने ओटमधला स्टार्च मोडून गोड करायची पद्धत स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या रिकार्ड ओस्ते यांनी १९९० च्या दशकात बसवली. साखर न घालताही हे गोड लागतं ते म्हणूनच, आणि मिठाच्या सॉसमध्ये खटकतंही म्हणूनच. घरच्या ओट दुधात तो स्टार्च शाबूत राहतो. तापवलं की बुळबुळीत, चिकट. गार पाणी, ३० सेकंदांच्या आत मिक्सर बंद आणि न पिळता गाळणं, एवढं पाळलं तरी ते गारच वापरायचं.

नारळाचं खोकं आणि नारळाच्या दुधाचा डबा यांची गल्लत करू नका. खोक्यातलं पाणीदार पेय असतं. डब्यात २० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, म्हणून सायीच्या जागी तोच. पण खळखळून उकळला की तेल सुटतं. शेवटी घाला, आच मंद ठेवा.

लोण्याच्या जागी तेल घालताना ग्रॅमला ग्रॅम हिशोब चुकतो. लोण्यात साधारण ८० टक्केच स्निग्धांश, बाकी मुख्यतः पाणी. १०० ग्रॅम लोण्यासाठी ८० ग्रॅम तेल आणि एक मोठा चमचा पाणी. बिस्किटं तेलात पसरतात. पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं तर कमी पसरतील. मार्गारिन घेतलं तर व्हे नाही ना ते बघा. बिनदुधाच्या चीजबद्दल फार आशा ठेवू नका: नारळाचं तेल आणि स्टार्च वितळतात, पण खरपूस डाग पडत नाहीत.

एवढं करून गाळणी जुनीच वापरली तर सगळं वाया. केसीन उकळून नष्ट होत नाही. गाळणीची जाळी, लाकडी उलथणं आणि मिक्सरच्या पात्याखालचं रबर या तीन जागी दुधाचा अंश दडून बसतो. रबर काढून साबणाने धुवा, गाळणी आणि उलथणं सरळ वेगळं ठेवा.

कॅल्शियम मिसळलेलं खोकं दर वेळी जोरात हलवूनच ओता, ते तळाशी बसतं. वर्षाखालच्या बाळाला यातलं काहीही दुधाच्या जागी द्यायचं नाही; त्यांच्यासाठीचा फॉर्म्युला वेगळा असतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा.