सीपी/एम २.२ ची साधने: पिप उत्तम, ईडी असह्य

पुण्याच्या जुन्या बाजारात कितीही रविवार घालवले, तरी चालू स्थितीतील आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह हाती लागण्याची आशा फारशी नाही. म्हणून डिजिटल रिसर्चची १९७९ सालची सीपी/एम २.२ ही जुन्या मायक्रोकॉम्प्युटरांची कार्यप्रणाली मी लॅपटॉपवर, झेड८०पॅक या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वापरून पाहिली. डीआयआर, टाइप, ईआरए अशा मोजक्या आज्ञा प्रणालीतच अंतर्भूत आहेत आणि बाकीची साधने डिस्कवरून मेमरीत आणून चालवली जातात.

या साधनांत सर्वांत गुणी फाइलींच्या प्रती करणारे पिप आहे. 'पिप बी:=ए:*.*[व्ही]' असे लिहिले की ए ड्राइव्हवरील फाइली बी वर उतरतात आणि प्रत बरोबर उतरली की नाही हेही तपासले जाते. आधी मुक्काम आणि मग उगम हा क्रम डॉसची सवय असलेल्याला उलटा वाटतो, परंतु बीजगणितातल्या समीकरणासारखा वाचला की तो लगेच अंगवळणी पडतो. स्वल्पविराम देऊन अनेक फाइली एकत्र जोडता येतात आणि उजवीकडे फाइल ठेवून डावीकडे 'एलएसटी:' लिहिले की तीच आज्ञा छपाईचे काम करते. मजकुराचा शेवट कंट्रोल-झेडने ओळखला जात असल्याने बायनरी फाइली जोडताना [ओ] हा पर्याय द्यावाच लागतो, अन्यथा तो बाइट येताच जोडणी अर्ध्यावर थांबते. एवढे सारे ८ किलोबाइटांहून लहान प्रोग्रॅममध्ये बसवणाऱ्यांचे कौतुक केलेच पाहिजे.

स्टॅट शिल्लक जागा आणि फाइलींचे आकार नेमके सांगते; आठ इंची एकपट घनतेच्या रिकाम्या फ्लॉपीवर ती जागा २४१ किलोबाइट भरते. फाइली पुसणारी ईआरए मात्र निर्दय आहे, कारण '*.*' लिहिल्यास ती एकदा विचारते, पण '*.टीएक्सटी' लिहिल्यास सर्व मजकूर-फाइली मुकाट्याने पुसून टाकते.

ईडी या संपादकाची भलामण मला करवत नाही. फाइल उघडली तरी बफर, म्हणजे संपादनासाठीची मेमरीतील जागा, रिकामाच असतो, '#ए' दिल्याशिवाय त्यात एक ओळही येत नाही आणि आलेली ओळ पाहण्यासाठी पुन्हा 'टी' ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. त्या काळी मेमरी तुटपुंजी होती आणि पडद्याऐवजी कागदावर छापणारे टेलिटाइपही वापरात होते, हे मान्य करूनही आज त्यात दहा ओळी लिहिणे ही शिक्षाच आहे. मजकूर लिनक्सवरच लिहावा आणि सीपीएमटूल्स या साधनसंचातील सीपीएमसीपी या आज्ञेने डिस्कच्या प्रतिमेत (एम्युलेटर वापरतो त्या डिस्क-फाइलीत) घालावा; त्या वेळी '-टी' हा पर्याय दिल्यास ओळींचे शेवट सीपी/एमला हवे तसे आपोआप बदलून मिळतात.